हाउंड घेऊन शिकार: लिव्हर-ॲक्शन रायफल आणि कॅलिबर कोणत्या क्रमाने निवडावं

लिव्हर-ॲक्शन, म्हणजे ट्रिगरजवळची कडी पुढे-मागे हलवून काडतूस भरायची रायफल, घ्यायला निघालेले बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी एखादी रायफल डोळ्यांत भरते, मग ती ज्या कॅलिबरमध्ये (काडतुसाच्या मापात) मिळेल ते चालवून घेतलं जातं, काडतुसं दुकानात असतील ती उचलली जातात आणि राज्याचे नियम सगळ्यांत शेवटी वाचले जातात. हाउंड, म्हणजे वास काढत जनावराला झाडावर चढवणारी शिकारी कुत्री, यांच्याबरोबरच्या शिकारीत हा क्रम महागात पडतो. इथे बार होतो १० ते ३० यार्डांवरून, बहुतेकदा वरच्या दिशेने, आणि झाडाखाली कुत्री असतात. अस्वल जखमी होऊन जिवंत खाली आलं, तर त्याच्या तावडीत सर्वांत आधी कुत्री सापडतात. म्हणून लांबचा पल्ला इथे निरुपयोगी आहे. हवी ती दिवसभर डोंगर चढताना अडचण न करणारी, गाडीत बसताना पटकन रिकामी होणारी आणि जवळून एका बारात काम संपवणारी रायफल.

हे सगळं अमेरिकेतल्या शिकारीबद्दल आहे: माउंटन लायन (तिथलं मोठं रानमांजर), काळं अस्वल आणि रॅकून. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथला परवाना असलेल्या वाचकांसाठी आहे.

## १. आधी कागद

हाउंड वापरायला सगळीकडे परवानगी नाही, आणि एकाच राज्यात जनावरागणिक नियम बदलतो. ओरेगॉनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६ मध्ये मतदानाने अस्वल आणि कूगर (माउंटन लायनचंच दुसरं नाव) या दोन्हींसाठी हाउंड बंद केले. कोलोरॅडोत अस्वलामागे हाउंड सोडायला १९९२ पासून बंदी आहे, पण माउंटन लायनसाठी ते चालतात. ती शिकार बंद करण्याचा २०२४ मधला प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. कॅलिफोर्नियात अस्वल आणि बॉबकॅटसाठी २०१३ पासून हाउंड चालत नाहीत. आयडाहो, युटा, ॲरिझोना, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, व्हर्जिनिया, विस्कॉन्सिन, मेन इथे परवानगी आहे, पण हंगाम, विभाग आणि कुत्र्यांची संख्या यांच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या. त्या वर्षाचं, त्या राज्याचं नियमपुस्तक उघडून पुढच्या चार गोष्टी लिहून काढा: हाउंडचा हंगाम, किमान कॅलिबर, गाडीत हत्यार कसं ठेवायचं आणि शिकार झाल्यावर तपासणी कुठे, किती दिवसांत. उदाहरणादाखल, व्हर्जिनियात अस्वलासाठी रायफल .२३ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरची लागते.

इशारा, व्हिसावर असलेल्यांसाठी: एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा बी व्हिसावर देशात आलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बाळगायला मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. ही सूट परवाना चालू असेपर्यंतच टिकते. परवान्याची मुदत संपली आणि रायफल घरातल्या कपाटात तशीच राहिली, तरी तो गुन्हा ठरतो. दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना परवाना आणि आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) जवळ ठेवा. ‘मित्राच्या नावावर घेऊ’ हा विचार डोक्यातही आणू नका, तो स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट अट लागू नाही, पण राज्याचे नियम लागू आहेतच.

तपासा: हंटर एज्युकेशनचं, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या अभ्यासक्रमाचं, प्रमाणपत्र हातात आहे का? कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं, आणि लायनसाठी वेगळा अभ्यासक्रम व परीक्षा आहे. हे दोन्ही होईपर्यंत रायफलीवर पैसे घालू नका.

## २. जनावर आणि जमीन ठरवा

एकाच रायफलीत तिन्ही जनावरं बसवायला गेलं की तिन्हींसाठी ती अर्धवट ठरते.

माउंटन लायन अंगाने बारीक हाडाचा. मोठा नर साधारण १३० ते १५० पौंडांचा, मादी ८० ते १०० पौंडांची. त्याला पाडायला फार मोठी ताकद लागत नाही, आणि कातडं ठेवायचं असेल तर मोठं भोक नको असतं. अस्वलाचं वेगळं. जाड चरबी आणि दाट केसांमुळे रक्ताचा माग कमी पडतो, खांद्याची हाडं भक्कम असतात, आणि फुफ्फुसातून गोळी गेल्यावरही ते काही क्षण पूर्ण जोरात लढू शकतं. तेवढे क्षण कुत्र्यांचा जीव घ्यायला पुरेसे आहेत. रॅकूनची शिकार रात्रीची, दिव्याच्या उजेडातली. तिथे .२२ रिमफायर (छोट्या, हलक्या काडतुसाची रायफल) पुरते आणि काही राज्यांत तेवढीच चालते. साधी .२२ लिव्हर-ॲक्शन, पाच-सव्वापाच पौंडांची, घ्या आणि थेट पाचव्या टप्प्याकडे वळा.

जमीनही बघा. ॲपलेशियन डोंगरात रोडोडेंड्रॉनची जाळी इतकी दाट असते की २४ इंची नळी दर पावलाला अडकते. युटा-ॲरिझोनात खेचरावरून किंवा घोड्यावरून जायचं असेल, तर खोगिराच्या म्यानात नीट बसणारी चपटी रायफल हवी. त्या कामात लिव्हर-ॲक्शनला तोड नाही.

## ३. गोळी आधी, कॅलिबर मागून

बहुतेक चुका इथे होतात. जनावर मरतं ते गोळीने. कॅलिबरचं नाव फक्त ती गोळी कुठल्या नळीतून जाणार हे सांगतं.

.३५७ मॅग्नम. लायनसाठी पुरेसं आणि चालवायला सोपं. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी रायफलीच्या नळीतून सेकंदाला साधारण १७५० ते १८०० फुटांनी जाते, म्हणजे रिव्हॉल्व्हरपेक्षा कितीतरी वेगाने. गडबड इथेच होते. १२५ ग्रेनची होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) गोळी हातबंदुकीच्या वेगासाठी घडवलेली असते. रायफलीच्या वेगाने ती कातड्याखालीच फुटून विखुरते आणि आत पोचत नाही. १५८ ग्रेनची जॅकेटेड सॉफ्ट पॉइंट (धातूच्या आवरणाची, टोकाला मऊ शिसं उघडं असलेली) घ्या. अस्वलावर .३५७ वापरणारे आहेत, पण ते अनुभवी लोक आहेत आणि कोन जुळला नाही तर ते बार करत नाहीत. नव्या माणसाने अस्वलासाठी .४४ पासून सुरुवात करावी.

.४४ मॅग्नम. हाउंडच्या कामाला सर्वांत जुळणारं. २४० ग्रेन, साधारण १७५० फूट वेग, १६०० फूट-पौंडांहून जास्त ऊर्जा. रायफलीचा धक्का झेपण्याजोगा, त्यामुळे दुसरा बार पटकन होतो. लायन असो वा अस्वल, २४० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट किंवा २४० ते २८० ग्रेनची सपाट तोंडाची हार्ड कास्ट (कठीण शिशाची ओतीव). हार्ड कास्ट गोळी आरपार जाते. अस्वलासाठी तो गुण आहे, पण मागे काय आहे ते बघितलं नसेल तर तोच धोका आहे. हलक्या होलो पॉइंटबद्दल .३५७ चाच इशारा इथेही लागू.

.३०-३०. १७० ग्रेन, २२०० फूट, सुमारे १८०० फूट-पौंड. जवळपास प्रत्येक बंदुकीच्या दुकानात मिळतं आणि अस्वल-लायन दोन्हींना चालतं. लायनच्या कातड्यासाठीही वाईट नाही. जुनी विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ घरात असेल तर नवीन काही घेण्याची गरज नाही. फक्त अस्वलासाठी १५० ऐवजी १७० ग्रेन निवडा.

.३५ रेमिंग्टन. २०० ग्रेन, २०८० फूट. अस्वलावर उत्तम, पण काडतुसं शोधावी लागतात. वर्षभराचा साठा एकदम मिळत असेल तरच या वाटेला जा.

.४५-७०. मोठ्या अस्वलावर याच्या ताकदीबद्दल वाद नाही. पण सात पौंडांच्या आखूड रायफलीतून जोरदार भरलेली काडतुसं झाडली की धक्का जबर बसतो, नव्या माणसाचा ट्रिगर झटक्याने ओढला जातो आणि दुसऱ्या बाराला वेळ लागतो. घ्यायचंच असेल तर ३०० किंवा ४०५ ग्रेनची साधी, सौम्य भरलेली काडतुसं वापरा. ४०५ ग्रेन १३३० फुटांनीही २० यार्डांवर अस्वल आरपार करते.

इशारा: .४५-७० ची काडतुसं वेगवेगळ्या दाबाची येतात. ‘फक्त आधुनिक रायफलींसाठी’ असं खोक्यावर लिहिलेलं काडतूस जुन्या ट्रॅपडोअरमध्ये (कमी दाब झेलणारी जुनी रायफल) किंवा तिच्या प्रतिकृतीत घालू नका, रायफल फुटू शकते.

इशारा: नळीच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या लांब नळकांड्यात) टोकदार गोळी कधीही भरू नका. काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या, घाव बसला की पेटणाऱ्या टिकलीवर) टेकतं, आणि धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. सपाट तोंडाच्या गोळ्या, किंवा हॉर्नडीच्या लिव्हरिव्होल्यूशनसारख्या मऊ रबरी टोकाच्या गोळ्याच चालतात.

तपासा: नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचं वळण. जुन्या मार्लिन १८९४ च्या .४४ मध्ये पीळ ३८ इंचांत एक वळसा, म्हणजे फार मंद आहे. त्यात २४० ग्रेन छान चालते, ३०० ग्रेनची लांब गोळी मात्र स्थिर राहत नाही आणि कागदावर आडवं भोक पाडते. रुगरने मार्लिन घेतल्यानंतरच्या .४४ मध्ये २० इंचांत एक वळसा आहे. वापरलेली रायफल घेत असाल तर आधी पीळ कळू द्या, गोळीचं वजन त्यानंतर ठरवा.

## ४. ॲक्शन (काडतूस भरायची-काढायची यंत्रणा): रिकामी किती सोपी होते ते बघा

खरेदी करताना लोक लिव्हर फिरवून ‘किती गुळगुळीत आहे’ ते बघतात. हाउंडवाल्याने बघायची गोष्ट वेगळी. कुत्र्यांचा माग जीपीएसवर बघत तुम्ही दिवसातून पाच-सहा वेळा गाडीत चढाल-उतराल, आणि गाडीत भरलेली रायफल बहुतेक राज्यांत बेकायदा आहे. काही ठिकाणी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचं, काडतूस बसायचं घर) रिकामं असूनही मॅगझिनमध्ये काडतूस असलं तरी ती ‘भरलेली’ धरतात. म्हणून दुकानातच नकली काडतुसं घालून रिकामी करून बघा.

विंचेस्टर ९२, ९४, रॉसी आर९२ आणि मार्लिन यांत बाजूच्या खिडकीतून भरायचं, आणि रिकामं करायला प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरपर्यंत आणून बाहेर काढायचं. गारठलेल्या हातांनी, बर्फात, आठ वेळा. तेव्हा घोडा (बार उडवणारी मागची हातोडी) मागे ओढला गेलेला असतो आणि नळी कुठेतरी वळतेच. गाडीजवळचे नको असलेले बार अशाच वेळी होतात. हेन्रीच्या साइड गेट मॉडेलात खिडकीही आहे आणि पुढून बाहेर येणारी आतली नळीही. ती आतली नळी वर ओढून रायफल उलटी केली की मॅगझिनमधली काडतुसं ओंजळीत पडतात, मग चेंबर एकदा बघायचं. सतत गाडीतून हिंडणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. मात्र आतली पितळी नळी पूर्ण काढून ठेवू नका, बर्फात पडली की सापडत नाही. पितळी रिसीव्हरची (यंत्रणा बसवलेल्या मधल्या भागाची) हेन्री साडेआठ पौंडांच्या आसपास भरते, पोलादी सात पौंडांच्या. चढाच्या कामाला पोलादीच.

ब्राउनिंग बीएलआरला सुटं मॅगझिन आहे. रिकामी करायला सगळ्यांत सोपी, आणि टोकदार गोळ्याही चालतात. फक्त ती घरी पूर्ण उघडू नका. आतली दातेरी चाकं ठरावीक जागीच जुळवावी लागतात, आणि ते काम गनस्मिथचं.

रॉसी आर९२ सोळा इंची नळीची जेमतेम पाच पौंडांची, .३५७ किंवा .४४ मध्ये आठ काडतुसं घेणारी. वजनाच्या हिशेबात तिला हरवणं अवघड, पण .४४ चा धक्का त्या हलक्या दस्त्यातून सरळ गालावर येतो.

जुनी रायफल घेताना चार ठिकाणी नजर टाका:

- नळीचं तोंड. तिथे एक लहानसा ओरखडाही नेम हलवतो.
- लिव्हर बंद केल्यावर खालीवर हलते का. हलत असेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद ॲक्शनमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) मोजून घ्या.
- मार्लिनमध्ये काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर, म्हणजे कॅरिअरवर, लिव्हरच्या कडेने खाच पडली आहे का. खाच खोल असेल तर दुसरं काडतूस पट्टीखाली घुसतं आणि सगळं जागच्या जागी अडकतं. हा मार्लिनचा ओळखीचा दोष आहे. लिव्हरची धारदार कड घासून गोलसर केली आणि पट्टी बदलली की सुटतो.
- स्क्रूंच्या खाचा चिरडलेल्या आहेत का. असतील तर आत कुणीतरी चुकीच्या पेचकसाने हात घातलेला आहे.

## ५. लांबी, दस्ता, पट्टा

नळी १६ ते २० इंच. .३५७ आणि .४४ मधली दारू लवकर जळते, त्यामुळे १६ इंचांतही वेग फारसा घटत नाही. .३०-३० मध्ये इंचाला साधारण २०-२५ फूट वेग जातो, जो या अंतरावर जाणवतही नाही. १६ इंची .४४ चा आवाज मात्र तिखट असतो, म्हणून कानांवर इलेक्ट्रॉनिक मफ ठेवाच. त्यातून कुत्र्यांचा आवाजही ऐकू येतो. मझल ब्रेक लावू नका. तो आवाज बाजूला फेकतो, आणि बाजूला कुत्री व माणसं असतात. सप्रेसर कायदेशीर असेल तिथेही सहा-आठ इंच लांबी वाढवतो, आणि आखूड रायफल घेण्याचा फायदा तिथेच संपतो.

दस्त्याची लांबी बंदुकीच्या दुकानात टी-शर्टवर मोजू नका. हिवाळ्याचं जाड जाकीट घालून खांद्याला लावा. साडेतेरा इंची दस्ता जाकिटावर लांब वाटतो आणि बगलेत अडकतो. अर्धा-पाऊण इंच कमी असलेला बरा. लिव्हरचा फासा, म्हणजे बोटं घालायची कडी, मध्यम हवा. हातमोज्यातली तीन बोटं शिरतील एवढा, पण मोठा नव्हे, कारण मोठा फासा झुडपात अडकतो.

पट्टा पाठीवर आडवा घालता येईल असा रुंद घ्या. दोन्ही हात कुत्र्यांच्या दोऱ्यांसाठी मोकळे राहिले पाहिजेत. कड्या खडखडत असतील तर टेप गुंडाळा. दस्त्यावर पाच काडतुसांची खोळ पुरते. मॅगझिनमध्ये पाच, खोळीत पाच, यापुढे फक्त ओझं.

## ६. साईट

झाडाच्या फांद्यांत, संध्याकाळच्या उजेडात, मान मागे टाकून नेम धरायचा आहे. त्यासाठी मागे मोठ्या छिद्राचं घोस्ट रिंग साईट आणि पुढे पांढऱ्या किंवा फायबर टिपक्याची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) ही जोडी सर्वांत भरवशाची. कारखान्याचं शिंगासारखं बकहॉर्न साईट अर्धं जनावर झाकतं, ते काढून टाका. घोस्ट रिंगचं छिद्र लक्ष्याच्या कागदासाठी बनवलेलं बारीक नको, अंधारात त्यातून काहीच दिसत नाही.

स्कोप लावायचाच तर १ ते ४ पट, आणि वापर नेहमी १ वर. ४ पटीत २० यार्डांवर भिंगात नुसते केस दिसतात, खांदा कुठे संपतो ते कळत नाही. १९८२ पूर्वीच्या विंचेस्टर ९४ मध्ये आणि सगळ्या ९२ मध्ये रिकामं काडतूस वरून उडतं, त्यामुळे रिसीव्हरवर स्कोप नीट बसत नाही. अशा रायफलीला हट्टाने स्कोप लावण्यापेक्षा दुसरी निवडा. स्कोप लावलात तर घोड्याला आडवा खुंटा जोडा, नाहीतर हातमोज्यातला अंगठा घोड्यापर्यंत पोचत नाही.

## ७. घरी आणल्यावर, पहिल्या बाराआधी

नव्या रायफलीच्या नळीत कारखान्याचं तेल असतं. चेंबर रिकामं आहे याची बघून आणि बोटाने खात्री करा, मग कापडाने नळी कोरडी करा. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागून बाहेर येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. बोल्ट काढताना रिसीव्हरच्या डाव्या भिंतीतला इजेक्टर सुटा होऊन पडतो, तो लगेच बाजूला ठेवा. विंचेस्टर आणि रॉसी पुढून साफ कराव्या लागतात, म्हणून नळीचं तोंड घासू नये यासाठी दांड्याला मार्गदर्शक टोपी वापरा.

बर्फात जाणार असाल तर ॲक्शनमध्ये जाड ग्रीस ठेवू नका. थंडीत ते घट्ट होतं, घोडा सावकाश पडतो आणि प्रायमरवर पुरेसा घाव बसत नाही. पातळ तेलाचा हात पुरे. पोकळ घासलेल्या पात्याच्या, खाचेत घट्ट बसणाऱ्या पेचकसाने सगळे स्क्रू तपासा. लिव्हर आणि साईटच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू पक्का करणारा गोंद) एक थेंब लावा. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

तपासा: जी गोळी शिकारीला नेणार, तीच दहा काडतुसं रेंजवर मॅगझिनमध्ये भरून चालवून बघा. .३५७ आणि .४४ च्या रायफली काडतुसाच्या एकूण लांबीबद्दल हट्टी असतात. लांब हार्ड कास्ट काडतूस एका रायफलीत सरकतं, दुसरीत अडकतं. एक जरी अडकलं तर ते काडतूस बाद.

अर्धवट लिव्हर हे अडकण्याचं दुसरं मोठं कारण. लिव्हर पुढे जाईल तिथपर्यंत पूर्ण ढकलायची, आणि तितक्याच जोराने पूर्ण मागे आणायची. हळुवारपणे चालवली की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवं त्याच्यावर चढतं.

## ८. झिरो आणि सराव

.३५७ आणि .४४ साठी ५० यार्डांवर झिरो करा, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी साईट जुळवा. .३०-३० ही ५० वरच ठेवा. १०० यार्डांचा झिरो हरणाच्या शिकारीला ठीक आहे, इथे नाही. ५० वर जुळवल्यावर उघड्या साईटची .४४ पंचवीस यार्डांवर जवळपास तिथेच लागते, आणि दहा यार्डांवर अर्ध्या इंचाच्या आत खाली. स्कोप नळीच्या दीड इंच वर असेल तर दहा यार्डांवर गोळी जवळपास एक इंच खाली लागते. अशा वेळी नेम इंचभर वर धरायचा.

‘वर नेम धरला की गोळी उंच जाते’ हे खरं आहे, पण लांब पल्ल्यावर. २० यार्डांवर हा फरक मोजण्याएवढाही नसतो, त्यासाठी नेम हलवू नका. वरच्या कोनात चुका होतात त्या शरीराच्या ठेवणीमुळे. मान मागे गेली की गाल दस्त्यावरून उठतो आणि गोळी उंच जाते. घरी, नकली काडतूस घालून, झाडाला किंवा भिंतीला पाठ टेकवून, एक पाय मागे आणि ट्रिगरवर सावकाश दाब, असा सराव करा. नळी कुठे रोखली आहे त्याकडे तेव्हाही लक्ष असू द्या. रेंजवर उभ्याने, २५ यार्डांवर, तीन गोळ्या दोन इंचांत बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर दुसरं कॅलिबर घेऊन ते सुधारणार नाही, काडतुसांची आणखी तीन खोकी सरावात घालवा.

## ९. गाडीपासून झाडापर्यंत

चालताना चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं. याला अपवाद नाही. घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धवट मागे अडकवून) ठेवून, चेंबरमध्ये काडतूस घालून चालणारे बरेच भेटतात. पण चेंबरमध्ये काडतूस असताना घोडा हळूच खाली आणणं हे गारठलेल्या, ओल्या हातमोज्यातल्या अंगठ्याचं काम नाही. अंगठा घसरला की बार उडतो. बाजूची सेफ्टी असली तरी तिच्यावर विसंबून चेंबर भरू नका.

नळीच्या तोंडावर साध्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावा. घसरून पडलात तर नळीत बर्फ आणि माती शिरत नाही, आणि बार होताना गोळीपुढची हवाच टेप उडवते. टेप फाटलेला दिसला तर रायफल रिकामी करून नळीत दांडा घालून बघा. अडथळ्यासकट झाडलेली नळी फाटते.

## १०. झाडाखाली

इथे घाई करण्याचं कारण नाही. जनावर झाडावर आहे आणि कुत्री त्याला तिथे धरून आहेत. क्रम मात्र बदलायचा नाही.

1. आधी ओळख पटवा. दुर्बिणीने नर-मादी बघा. लायनच्या मादीबरोबर ठिपक्यांची पिल्लं आहेत का, बर्फात छोटे माग आहेत का, ते शोधा. पिल्लांसोबतची मादी मारणं बेकायदा आहे. शंका असेल तर कुत्री बांधून परत फिरा.
2. सगळी कुत्री पकडून, झाडापासून तीसेक यार्डांवर, बाजूला किंवा चढाच्या वर बांधा. जखमी जनावर उताराकडे धावतं, म्हणून खालच्या बाजूला कुणीच नको. कुत्री मोजा. जीपीएसवर एखादं अजून वाटेत असेल तर थांबा.
3. माणसं सगळी एका बाजूला, बार करणाऱ्याच्या मागे.
4. जागा निवडा. झाडाच्या बुडाशी उभं राहून सरळ वर बार करायचा झाला तर गोळी पोटातून शिरते आणि फुफ्फुसापर्यंत पोचण्याची खात्री नसते. चढाच्या बाजूला सरका, तिथून जनावर जवळजवळ समोर येतं. गोळी आत कुठून जाते यापेक्षा बाहेर कुठून निघेल याचा विचार करून नेम धरा: रेषा दोन्ही फुफ्फुसांतून जायला हवी. अस्वल खोडाला मिठी मारून असेल, तर बाजूला जाऊन बगलेच्या रेषेवर.
5. मागे काय आहे? चुकलेली किंवा आरपार गेलेली .४४ ची गोळी मैलभराहून लांब जाऊ शकते. मागे खोड किंवा डोंगर हवा. नुसतं आकाश असेल तर जागा बदला.
6. आता चेंबर भरा. बार करा, आणि रायफल खांद्यावरून न काढता लगेच लिव्हर मारा. जनावर खाली पडलं तरी साईटमधून नजर काढू नका. ते उठायला लागलं तर ताबडतोब दुसरा बार.

इशारा: डोक्यावर नेम धरू नका. अस्वलाची कवटी उतरती असते आणि मेंदू लहान. अनेक राज्यांत कवटी तपासणीला न्यावी लागते, आणि वय काढण्यासाठी छोटी दाढ घेतात. फुटलेल्या कवटीतून ती मिळत नाही.

इशारा: अस्वल जमिनीवरच कुत्र्यांशी भिडलेलं असेल, तर लांबून बार करू नका. आरपार गेलेली गोळी पलीकडचं कुत्रं घेते. कुत्र्यांचा मालक सांगेल तेव्हाच, सांगेल त्याच कोनातून, आणि मागे कुत्रं नसेल तरच.

जनावर निपचित पडल्यावर किमान पाच मिनिटं जागेवरच थांबा. मग मागच्या बाजूने जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही की रायफल पूर्ण रिकामी करा. मॅगझिन आणि चेंबर दोन्ही बघून झाल्यावरच पहिलं कुत्रं सोडा. त्यानंतर टॅग लावा आणि तपासणीच्या मुदतीचे दिवस त्याच वेळेपासून मोजायला घ्या.